न पोचलेलं बोलणं

शीघ्रा कम्युनिकेशन्सनं नमतं घेतलं, ही बातमी वरोऱ्यात पोचली तेव्हा यामिनी बोडखे एका मुलीकडून भूपाचा आरोह घोटून घेत होती. शेजारची अर्चना उमरे चपला बाहेर न काढताच आत शिरली आणि तिनं यामिनीच्या तोंडात पेढा कोंबला.

"ताई, जिंकलो ना आपण! टीव्हीवर तुमचं नाव दाखवून राहिले. यामिनी बोडखे आणि इतर. त्या इतरमध्ये आम्ही सारे आलो बरं का!"

त्या 'इतर'मध्ये विदर्भातल्या गावोगावची लाखो घरं होती. शीघ्रानं सगळ्यांना वाऱ्याच्या वेगाचं इंटरनेट विकलं होतं आणि प्रत्यक्षात दिलं होतं ते रांगणारं. ग्राहक आयोगापुढे सामूहिक तक्रार गेली, बराच काळ घासाघीस चालली, आणि आता कंपनी भरपाई द्यायला, शिवाय गावोगाव नवी केबल टाकायला तयार झाली होती. पहिली तक्रारदार म्हणून यामिनीची संमती तेवढी बाकी होती.

थोड्या वेळानं नागपूरहून केतकीचा फोन आला. केतकी यामिनीची एकुलती एक मुलगी, आणि या खटल्यातली सगळ्यांची वकील.

"आई, पुढच्या तारखेला तू फक्त हो म्हणायचं. मग संपलं."

"अखंडचं काय ठरलं?"

"तेही बंद करताहेत ते. सगळं त्यात आलं."

यामिनीची मूळ तक्रार संथ इंटरनेटची नव्हतीच. केतकीचे वडील ती कॉलेजात असतानाच गेले, तेव्हापासून यामिनी गाणं शिकवून घर चालवत होती. निम्म्या विद्यार्थिनी दूरच्या गावच्या, पडद्यावरून शिकणाऱ्या. पूर्वी लाइन अडकायची, चित्र थिजायचं, तान मध्येच तुटायची. मग शीघ्रानं घरोघरी 'अखंड' नावाची छोटी पेटी बसवून दिली. बोलणं तुटणार नाही, अशी जाहिरात होती, आणि खरंच तुटेनासं झालं. लोक खूश झाले. यामिनीसुद्धा.

त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला उमरखेडची ईशानी पहिल्यांदा तिच्या घरी आली आणि समोर बसून गायला लागली. पंचम उतरलेला. पुन्हा घेतला, पुन्हा उतरलेला. पडद्यावर मात्र हीच मुलगी वर्षभर स्वच्छ सुरात गात होती.

"मॅडम, घरी तर तुम्ही छान म्हणायच्या," ईशानी रडवेली होऊन म्हणाली.

यामिनीच्या डोक्यात शंकेचा किडा शिरला. तिनं दुसऱ्या एका विद्यार्थिनीला साध्या फोनवर सांगून ठेवलं, की आज भूप म्हणताना गंधाराच्या जागी मुद्दाम मध्यम लाव. भूपात मध्यम नसतोच. संध्याकाळी लाइन अगदीच मंद असताना त्या मुलीनं तसं केलं. पडद्यावर यामिनीला ऐकू आला तो गंधार. सुरेल, नेमका, जसा ती स्वतः शिकवायची तसा.

कंपनीनं उत्तरात लिहून दिलं, की अखंड पेटी अक्षराच्या आतली बारीकशी फट तेवढी बुजवते, शब्दाला ती हात लावत नाही. केतकी म्हणाली, "आई, सूर बदलला हे सिद्ध करता करता माझे केस पिकतील. वेग यंत्रानं मोजता येतो. आपण वेगावर लढू." म्हणून तक्रार संथ सेवेची झाली.

कंपनीचं ते उत्तर वाचून यामिनीला मात्र मनातून हायसं वाटलं होतं. त्याला कारण होतं दादाचं.

हेमंतदादा तिच्याहून मोठा, अमरावतीला राहायचा. आई थकल्यावर त्यानं यामिनीला न विचारता आईला वृद्धाश्रमात ठेवलं, आणि आई तिथेच गेली. यामिनीनं ते कधी विसरू दिलं नाही. भांडली नाही, पण बोलणं आटवलं. सणावाराला दादाचा चेहरा पडद्यावर यायचा, तो काही विचारायचा, आणि ही "बरं", "बघू", "ठीक आहे" एवढ्यावर त्याची बोळवण करायची. पुढे दादाच्या फुप्फुसांनी दगा दिला. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. त्यानंतर एका दुपारी त्याचा फोन आला. नाकात नळी, गाल बसलेले. यामिनीचा इतक्या वर्षांचा बांध त्या दुपारी फुटला. तिनं मन मोकळं केलं, रडली, येते म्हणाली. पडद्यावर दादा ओळखीचं हसला. "ये सावकाश, घाई करू नकोस," म्हणाला. लहानपणापासून तो हेच म्हणायचा. ती शांत झाली. विद्यार्थिनींची परीक्षा तोंडावर होती, ती उरकून निघू असं तिनं ठरवलं. ती निघायच्या आतच दादा गेला.

अंत्यदर्शनाला पोचली तेव्हा ज्योत्स्नावहिनी तिच्याकडे न पाहता म्हणाल्या, "आता वेळ मिळाला?" पुढे तेराव्यालाही त्यांनी तिला ताटावर बस म्हटलं नाही. यामिनीनं ते गिळलं. दुःखात माणूस काहीही बोलतं, असं तिनं स्वतःला समजावलं. आमच्या दोघांचं मिटलं होतं, दादाला ते माहीत होतं, एवढ्या आधारावर ती उभी होती.

तडजोडीचा मसुदा वाचायला ती नागपूरला आयोगाच्या इमारतीत गेली. केतकी आत कंपनीच्या वकिलांबरोबर होती. बाहेर कँटीनमध्ये एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ चहा घेऊन तिच्या समोर येऊन बसले. हे तळवेलकर. दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेले इंजिनीयर, आयोगानं नेमलेले तज्ज्ञ.

"सही करण्याआधी तुमच्या वकिलांना एक विचारा बाई," ते म्हणाले. "माझा अहवाल सीलबंद करायचं कलम कशासाठी घातलंय?"

"माझी वकील माझी मुलगीच आहे."

तळवेलकर कप बशीत ठेवून उठायलाच निघाले होते, पण यामिनी म्हणाली, "बसा. काय आहे अहवालात?"

"ते मी सांगू शकत नाही, बंधन आहे माझ्यावर. पण असली पेटी चालते कशी, ते कुणालाही सांगू शकतो."

आणि त्यांनी सांगितलं. आपण पडद्यावर बोलतो तेव्हा आपला आवाज आणि चेहरा यांचे बारीक बारीक तुकडे होऊन जातात. वाटेत काही हरवतात. हरवलेला तुकडा अंदाजानं भरायची युक्ती फार जुनी आहे. मागचा आणि पुढचा तुकडा पाहून मधला सांधायचा, कानाला कळतही नाही. पण शीघ्रानं एका टॉवरवर इतकी घरं लादली, की हरवायला लागली ती अख्खी वाक्यं. नवी केबल टाकण्यापेक्षा पेटी हुशार करणं स्वस्त होतं. म्हणून पेटीला त्यांनी माणसं शिकवली. तुमच्या घरी कोण बोलतं, कसं हसतं, कशाला काय उत्तर देतं, हे ती ऐकून ऐकून शिकते. पुढून काहीच आलं नाही, तर या माणसानं इथे काय म्हटलं असतं याचा अंदाज करते, आणि त्याच आवाजात, त्याच चेहऱ्यानं ते म्हणून दाखवते.

"अख्खं वाक्य?"

"वाक्यामागून वाक्य." तळवेलकरांनी बोटानं टेबलावर एक उंच रेघ आणि एक बुटकी रेघ ओढली. "आणखी एक गोष्ट. टॉवरचा आवाज मोठा, घरातल्या पेटीचा क्षीण. त्यामुळे टॉवरकडून घरी येणारं बरंचसं पोचतं, घरातून वर जाणारं जास्त हरवतं. लोक येतात ते विचारतात, मी जे ऐकलं ते खरं होतं का? माझ्यापुढे अजून कुणी हे विचारलेलं नाही, की मी जे बोललो ते पुढच्याला काय ऐकू आलं."

यामिनीचा चहा तसाच राहिला. "पेटी अंदाज कशावरून करते म्हणालात?"

"सवयीवरून. तिच्याजवळ दुसरं आहे काय? माणूस जसा रोज बोलत आला, तसाच तो आजही बोलेल, एवढंच तिला ठाऊक. तो आजच बदलला असेल, हे तिला कळायला मार्ग नाही."

यामिनी केतकीला न भेटताच बाहेर पडली आणि अमरावतीच्या बसमध्ये बसली.

ज्योत्स्नावहिनींनी दार उघडलं आणि दारातच उभ्या राहिल्या. "यामिनीताई? कळवलं नाही ते?"

"वहिनी, एक विचारायला आलेय. त्यानंतर जा म्हणालात तर जाईन."

आत दादाच्या खोलीत पलंग होता तिथे आता शिवणयंत्र होतं. वहिनींनी पाणी दिलं आणि लांबच्या खुर्चीवर बसल्या.

"दादाचा शेवटचा फोन झाला, तेव्हा तुम्ही खोलीत होतात?"

"होते म्हणजे? फोन मीच धरला होता. त्यांच्या हातात ताकद कुठे होती?"

"मला सांगा, दादा काय म्हणाला. त्याच्या तोंडचे शब्द."

वहिनींचा चेहरा ताठ झाला. "आता हे कशाला उकरताय? तुम्हाला माहीत नाही?"

"मला जे ऐकू आलं ते मी सांगते. तो म्हणाला, ये सावकाश, घाई करू नकोस."

"सावकाश?" वहिनी उठून उभ्याच राहिल्या. "अहो, सावकाश कसं म्हणतील? श्वास पुरत नव्हता त्यांना. चार वेळा थांबून एक वाक्य बोलले. यामू, आजच निघ. उद्याचा भरवसा नाही माझा. मी त्यांची पाठ चोळत होते तेव्हा. मी ऐकलंय."

यामिनीनं डोळे मिटले. आजच निघ. दुपारची बस होती. तिन्हीसांजेला ती इथे असती.

"आणि मी? मी काय म्हणाले त्यावर?"

"तुम्ही?" वहिनींचा आवाज कापला. "तुम्ही म्हणालात, बरं, बघू. परीक्षा आहेत, जमलं तर बघू. तेही असं, दूधवाल्याला उद्या ये म्हणावं तसं. त्यांनी पडद्याला हात लावला, यामिनीताई. मग मला म्हणाले, बंद कर. त्या रात्री त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, ते केलंच."

"वहिनी, मी तसं बोलले नाही."

"मी माझ्या कानांनी—"

"तुमच्या कानांनी ऐकलंत, खरं आहे. पण मी तसं बोलले नाही. मी म्हणाले, दादा, आईचं तू केलंस तेवढं मला जमलं नसतं. मी तुला उगाच छळलं. मी म्हणाले, तू सांग, आत्ता येऊ का? तू म्हणशील तेव्हा निघते. आणि मी रडत होते, वहिनी. ढसाढसा रडत होते."

"नाही हो. कोरडा चेहरा होता तुमचा."

मग यामिनीनं तळवेलकरांनी सांगितलेलं सगळं, जसं समजलं तसं, वहिनींना सांगितलं. घरातून वर जाणारी क्षीण वाट. सवयीचा अंदाज. इथल्या पेटीनं वर्षानुवर्षं यामिनीचं "बघू" ऐकलं होतं. तिच्या घरच्या पेटीनं दादाचं "सावकाश" ऐकलं होतं. त्या दुपारी दोन्ही वाटा बुजल्या, आणि दोन पेट्या आपापसात सवयीचं बोलून मोकळ्या झाल्या.

वहिनींनी कोपऱ्यात पाहिलं. दिवाणाशेजारी ती पेटी होती, हिरवा दिवा लागलेली. त्यांनी जाऊन तिची वायर उपटली. मग तिथेच जमिनीवर बसल्या.

"हे दुखावून गेले," त्या म्हणाल्या. "तुमच्यावर रागवून नाही हो. दुखावून. आणि दुखायला काही कारणच नव्हतं म्हणता?"

यामिनी त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली.

केतकीच्या ऑफिसात ती दुसऱ्या दिवशी सकाळी पोचली. केतकी फायलींमधून मान वर करून हसली, मग आईचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं.

"काल न सांगता कुठे गेलीस? मी किती फोन केले."

"मामींकडे. केतकी, कंपनी वाक्यंच्या वाक्यं बनवत होती. तुला हे माहीत होतं?"

केतकीनं पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. "तळवेलकर बोलले का? त्यांना अधिकार नव्हता."

"मी तुला विचारतेय."

"हो."

"केव्हापासून?"

"दिवाळीच्या आधीपासून." आणि एकदा सुरू झाल्यावर केतकी थांबली नाही. "त्यांनी मला बोलावलं, आई. पेट्या सगळं साठवतात, खरं बोललेलंही आणि भरलेलंही. सुधारणेसाठी म्हणे. त्यांनी तुझा आणि मामाचा तो कॉल काढून ठेवला होता. दोन्ही बाजू ऐकवल्या मला. तू काय बोललीस आणि मामाला काय ऐकू आलं. म्हणाले, वाक्यांचा मुद्दा ताणलात तर हे भर सुनावणीत वाजवावं लागेल, तुमच्या आईसमोर. वेगापुरतं ठेवलंत तर आम्ही पूर्ण भरपाई देतो."

"आणि तू ठेवलंस."

"मी काय करायला हवं होतं? तू त्या फोनवर जगत होतीस! रोज सांगायचीस, आमचं मिटलं होतं, दादा हसून गेला. ते मी कसं हिसकावणार होते तुझ्याकडून?" केतकीचे डोळे भरले. "आणि ते सोड. लाखो घरांना चांगली लाइन मिळतेय. वाक्यांवर लढले तर खटला दहा वर्षं चालेल. पेट्या जातील आता, सगळ्या रेकॉर्डिंग नष्ट होतील, कुणाला काही कळणार नाही, कुणाला काही दुखणार नाही."

"मामी कित्येक महिने माझं तोंड बघत नाहीत. ते दुखणं नाही?"



यामिनीला आठवलं, या मुलीनं पहिला खटला जिंकला तेव्हा दादानंच तिला काळा कोट शिवून दिला होता. तो तिच्या मागे खुंटीला टांगलेला होता. ते तिनं बोलून दाखवलं नाही. "मी संमती देणार नाही," एवढंच म्हणाली.

तारखेला आयोगाची खोली गच्च भरली होती. वरोऱ्याहून अर्चना आली होती, तिच्याबरोबर गल्लीतले बरेच जण. अध्यक्ष महोदयांनी विचारलं, तक्रारदार क्रमांक एक, तडजोड मान्य आहे का? यामिनी उभी राहिली.

"भरपाई मान्य आहे, केबल मान्य आहे. रेकॉर्डिंग नष्ट करायचं आणि अहवाल बंद ठेवायचा, हे मान्य नाही. साहेब, माझा भाऊ वारला. त्याला मी जे सांगितलं ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही, त्याऐवजी माझ्या तोंडानं भलतंच काही पोचलं. ही सेवा संथ नव्हती. ही खोटी होती. प्रत्येकाला आपापलं खरं मागायचा हक्क आहे. तो तुम्ही कायमचा पुसू देऊ नका."

खोलीत कुजबुज झाली. कंपनीचे वकील उठले, पण त्यांच्या आधी केतकी उठली. तिचा आवाज अगदी सपाट होता.

"महोदय, तक्रारदार क्रमांक एक व्यक्तिगत कारणानं वेगळ्या होऊ इच्छितात. समूहाच्या वतीनं तक्रारदार क्रमांक दोन यांची संमती आम्ही सादर करतो. ते हजर आहेत."

हिंगणघाटचे एक कापूस व्यापारी मागच्या रांगेतून उठले आणि त्यांनी हात वर केला. संमतीवर त्यांची सही आधीच होती. यामिनीनं मुलीकडे पाहिलं. ही तयारी कालची नव्हती. आई अडेल हे धरून केतकीनं दुसरा माणूस कधीच उभा करून ठेवला होता.

तडजोड मंजूर झाली. यामिनीची तक्रार वेगळी चालेल, तिच्यापुरतं रेकॉर्डिंग जपून ठेवावं, असा आदेश झाला. बाकी सगळ्यांचं पुसलं जाणार होतं.

जिन्यात अर्चनानं तिला गाठलं. यामिनीला वाटलं, ही तरी म्हणेल की मलाही माझं हवंय. अर्चनाचे वडील गेल्या हिवाळ्यात पुसदला वारले होते, आणि त्यांच्याशी तिचं शेवटचं बोलणं पडद्यावरच झालं होतं.

"ताई, तुमचं बरोबर असेल," अर्चना हळू आवाजात म्हणाली. "पण माझे बाबा मला म्हणाले होते, पोरी, तू माझा मुलगा आहेस. ते जन्मात कधी असं बोलले नव्हते. ते खरं की पेटीचं, मला नाही पाहायचं. असू द्या ना जी."

यामिनीला तळवेलकरांचं म्हणणं आठवलं. पेटीला सवयीपलीकडचं सुचत नाही. जन्मात कधी न बोललेलं वाक्य ती बनवेल कशी? हे अर्चनाला सांगायला हवं होतं, आणि तिनं सांगितलं. तिथेच जिन्यात, दोन्ही हात धरून. अर्चना आधी काही समजली नाही. मग समजली आणि पायरीवरच बसून तोंडाला पदर लावून रडू लागली. त्या सबंध दिवसात कुणाच्या तरी पदरात काही पडलं ते एवढंच.

महिन्याभरात वरोऱ्यात नवी केबल आली. केतकीचा चेहरा पडद्यावर दिसला तो काचेसारखा स्वच्छ.

"आई, आता मध्ये काही नाही. मी बोलतेय ते जसंच्या तसं पोचतंय तुला. माझं चुकलं. मला माफ कर."

"मध्ये पेटी नव्हती तेव्हाही तू माझ्यासमोर बसून जेवलीस, केतकी," यामिनी म्हणाली. "माझ्या ताटात भाजी वाढलीस आणि मामाचं बोलणं मला सांगू दिलंस. तेव्हा काय मध्ये होतं? शनिवारी मामी माझ्याकडे येताहेत. तू ये. मला जे सांगितलंस ते त्यांना सांग."

शनिवारी केतकी आली. ज्योत्स्नावहिनी आदल्या दिवशीच आल्या होत्या. दोघींनी मिळून वांगी चिरून ठेवली होती, भाकरीचं पीठ काढून ठेवलं होतं. केतकी मामींच्या पाया पडली आणि खाली सतरंजीवर बसून तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. कंपनीनं ऐकवलेलं रेकॉर्डिंग, त्यांची धमकी, आपला निर्णय, व्यापाऱ्याची सही, सगळं. वहिनी मान खाली घालून ऐकत होत्या.

मग त्यांनी एकच विचारलं.

"भाऊबीजेला तू माझ्याकडे आली होतीस. यंदा मामाला ओवाळायला तुझ्या आईला यायचं कारणच उरलं नाही, असा विषय निघाला आणि मी तिच्याबद्दल वाटेल ते बोलले. दगडाच्या काळजाची म्हणाले. तू समोर बसून चकली खात होतीस. तेव्हा तुला माहीत होतं?"

केतकीनं होकारार्थी मान हलवली.

"तोंडानं सांग."

"हो, मामी. माहीत होतं."

वहिनींनी पदर तोंडाशी नेला. त्यांचे खांदे गदगदू लागले. केतकीही रडायला लागली आणि लहानपणी पडून आल्यावर आईकडे बघायची, तशी बघू लागली. यामिनीचा हात आपसूक उठला. मुलीच्या डोक्यापर्यंत जाणारच होता. मग तिनं तो वळवला आणि वहिनींच्या पाठीवर ठेवला, आणि तिथेच ठेवून बसून राहिली.